बांबू काढले त्या दिवशी

उन्हाळा लागला की खारून नदीचं पाणी उतरतं आणि दगड वर येतात. वर म्हणजे दिसण्याइतके नाही. पाण्याखाली वीतभर राहतात, म्हणून तर वाईट. नत्थू दरवर्षी छातीभर पाण्यात उतरून पायानं एकेक दगड चाचपतो, त्याच्या बाजूला बांबू रोवतो आणि टोकाला लाल फडकं बांधतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. आधी तो वल्ह्याची नाव चालवायचा, आता बोट क्लबची मोटरबोट चालवतो. माझा नवरा यशदीप त्या क्लबचा मॅनेजर.

ज्ञानदाचा पहिला वाढदिवस होता. बोटीत तिचे फोटो काढायचे, असं यशदीपनं महिनाभर आधीच ठरवलं होतं. पिवळा फ्रॉक घातलेली माझी ज्ञानू काठावरच्या वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटायची, मग उघडून माझ्याकडे बघायची, जणू वारा मीच सोडला. खाली दोन दात, त्यांच्यावरून लाळेची तार. मी पुसायची, ती परत गाळायची.

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून नदी दाखवली. आणि मी म्हटलं. हे मीच म्हटलं. "ते फडके कसे दिसून राहिले पहा ना मधात. मसणवट्यासारखं वाटते."

यशदीपनं लगेच हाक मारली, "नत्थू, वो सब बांस निकाल दे. शाम को वापस गाड़ देना."

"भैया, नीचे पखना हे," नत्थू म्हणाला. दगडाला तो पखनाच म्हणतो. "पानी अब्बड़ कम हे. झन निकलवाव." काढायला लावू नका, म्हणत होता.

"तीस साल से नाव चला रहा हूँ बोलता है, रास्ता याद नहीं रहता क्या?"

नत्थू पाण्यात उतरला. पाच बांबू काढून त्यानं काठावर आडवे ठेवले.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत दगडांच्या पट्ट्यापाशी आलो तेव्हा त्यानं मोटर बंद करून वर उचलली आणि लांब काठीनं बोट ढकलायला लागला. तिथं तो नेहमी असंच करतो. यशदीप वैतागला. "मोटर नीचे कर. फोटो में पीछे लहर चाहिए." नत्थू काठी घेऊन तसाच उभा. "हट, मैं चलाता हूँ," म्हणत यशदीपनं त्याला बाजूला सारलं, मोटर खाली सोडली, दांडा धरला, आणि फोटोवाल्याला म्हणाला, "मेरा भी एक ले लेना."

नत्थू ओरडला, "बंद कर भैया! बंद कर!"

स्टीलच्या डब्यात दगड घालून कोणी जोरात हलवावा तसा आवाज झाला. बोटीनं हिसका खाल्ला. ज्ञानूचं कपाळ माझ्या हनुवटीवर आदळलं, माझ्या तोंडात रक्ताची चव आली आणि ती असा श्वास धरून रडली की आवाज निघायलाच वेळ लागला. मोटर किंचाळत होती, बोट मात्र जागच्या जागी.

नत्थूनं मोटर बंद करून वर उचलली. प्रॉपेलरला क्लबमध्ये पंखा म्हणतात. त्याच्या तीन पात्यांपैकी एक बुडापासून गेलं होतं, दुसरं करपलेल्या पोळीच्या काठासारखं वळलं होतं, तिसऱ्याला खाचाच खाचा. वरच्या सांध्यातून काळं तेल ठिबकत होतं आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरत होता. कुजलेल्या निर्माल्याचा वास होताच, त्यात हे तेल.

नत्थू कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि एकट्यानं बोट ढकलत काठाला नेली. यशदीप बोटीतच बसून राहिला. पायात नवे पांढरे बूट होते.

काठावर येताच त्यानं मालकाला, भार्गवजींना, फोन लावला. मी पाच पावलांवर होते, नत्थू चार.

"सर, नत्थू ने पत्थर पे ठोक दी. पंखा गया... हाँ सर, मैं मना करता रहा... पिए हुए था शायद."

चैत्राच्या नवरात्राचा सातवा दिवस होता. नत्थूच्या घरी ज्योत-जवारा, म्हणजे त्यांचा घट, बसलेला. तो अनवाणी फिरत होता, एकवेळ जेवत होता. सकाळी मी ज्ञानूच्या वाढदिवसाचा पेढा दिला, तर त्यानं तो कपाळाला लावून गमछ्यात बांधून ठेवला होता. तो माणूस दारू प्यायला होता म्हणे.

फोन ठेवून यशदीप म्हणाला, "कल से मत आना. सर का ऑर्डर है." ऑर्डर म्हणे. जशी काही ती आभाळातून पडली.

नत्थूनं माझ्याकडे पाहिलं. मी ज्ञानूचा फ्रॉक नीट करत बसले. नीटच होता तो.

गाडीत यशदीप समजावून सांगत होता. "माझं नाव आलं तर मॅनेजरी गेली समज. त्याले काय, तो कुठंही नाव चालवीन." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "फोटो मस्त आले पण." तो गुडघा घासून धुवावा असं मला वाटत होतं. माझी जीभही.

संध्याकाळी गुढियारीतल्या आमच्या घरी पाहुणे जमले. सासरे दयाराम, मी त्यांना मामाजी म्हणते, रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून रिटायर झालेले. कुठल्याही कार्याआधी ते बुद्धवंदना घेतातच. मेणबत्त्या लागल्या, सगळे हात जोडून बसले, त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. यशदीपचा आवाज सगळ्यांत मोठा आणि खणखणीत. मांडीवर ज्ञानू, तिचे इवलेसे तळवे त्यानं आपल्या तळव्यांत जोडून धरलेले. त्या लेकराच्या हातांनी तो ते म्हणून राहिला होता. मला किळस आली आणि ती ओळ माझ्यानं म्हणवली नाही.

वंदना संपली तशी मी ज्ञानूला त्याच्या मांडीवरून उचललं.

"मामाजी, बोट यांनी ठोकली. अन् नाव नत्थूचं सांगितलं. त्याचं काम गेलं."

सासूबाई चमकल्या. "रुचिता! पाहुणे बसले हायेत. आजच बोलाचं होतं का तुले?"

यशदीप हसला. "दिवसभर उन्हात होती ना. डोकं तापलं तिचं."

मामाजी हसले नाहीत. "खरं आहे का रे?"

"बाबा, उद्या पाहू ना."

"मी हो का नाही विचारून राहिलो."

यशदीप केकच्या खोक्याची दोरी सोडायला लागला. मामाजींनी टीपॉयवरचा त्याचा फोन उचलून माझ्या हातात दिला. मी भार्गवजींना लावला, ज्ञानू फोनची कड चावायला बघत होती.

बोट कोणी ठोकली ते ऐकूनही भार्गवजी फार गोड बोलले. "अरे भाभीजी, पंखा तो बदल जाएगा. घर की बात घर में रखिए ना."

"नत्थू ने पी नहीं थी. बांस मेरे कहने पर निकले. बोट इन्होंने चलाई."

पलीकडे टीव्ही बंद झाला. "ठीक है. उसको बोलिए आ जाए. यशदीप को मैं कल देखता हूँ."

"आता झालं समाधान?" यशदीप पाहुण्यांसमोरच म्हणाला, आणि गच्चीत निघून गेला. त्याच्या आवाजात नत्थूबद्दल काहीच नव्हतं. केक सासूबाईंनी कापला. ज्ञानूनं क्रीममध्ये अख्खी मूठ घातली.

मी आतल्या खोलीत जाऊन नत्थूला फोन लावला. सगळं सांगितलं. मालकांशी बोलले, कामावर ये, चूक आमची होती, बांबू मीच काढायला लावले होते.

मागे त्याच्याकडे मांदरचा ढोल वाजत होता, बायका गात होत्या. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"हव," तो म्हणाला. हो, एवढंच.

मी फोन कानाशी धरून थांबले. तो अजून काही बोलेल म्हणून. दीदी, बरं केलंत, असं काहीतरी. त्यानं फोन ठेवला होता. आणि मी त्याच्या आभाराची वाट बघत उभी होते, हे लक्षात आलं तेव्हा दिवसभरातली सगळ्यांत मोठी शिसारी मला माझीच आली.