हार्लनचा नवा चाप

बंदुकीच्या चापावर माणूस किती बोलू शकतो हे मला लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की चाप म्हणजे बोटाने मागे ओढायचा लोखंडाचा एक वाकडा तुकडा. ओढला की गोळी सुटते आणि विषय संपतो. हे अडाणी मत आहे, असं माझ्या नवऱ्याने मला सांगितलं. हार्लनला त्या वर्षी शिकारीच्या रायफलीचा चाप बदलायचा होता आणि एप्रिलपासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

बदलायचा का, तर हार्लनचे नेम चुकत होते. सलग दोन वर्षं हंगामाच्या पहिल्याच दिवशी चांगल्या शिंगांचा हरणाचा नर समोर आला, आणि ह्याने एकदा आभाळात आणि एकदा मातीत गोळी घातली. आमच्या शिकारीच्या कॅम्पवर नेम चुकलेल्याचा शर्ट कापतात. संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं करायचं, शर्टाचा मागचा घोळ सुरीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो तुकडा तुळईला ठोकायचा. तुळया अशा चिंध्यांनी भरलेल्या आहेत आणि त्यात लाजण्यासारखं फारसं काही नाही. माझाही एक तुकडा तिथे आहे, फुलाफुलांचा. पण सलग तिसऱ्या वर्षी शर्ट कापला गेला तर माणसाची शिकारीला बसायची जागाही जाते. हार्लनची जागा म्हणजे डोंगराच्या खांद्यावर, बीच नावाच्या झाडांखालचा सपाट खडक. तिथे आधी त्याचे वडील बसायचे आणि त्यांचा शर्ट एकदाही कापला गेला नव्हता. त्या खडकावर हार्लनच्या चुलतभावाचा, डेलमरचा, शाळेत असल्यापासून डोळा होता.

तेव्हा यंदा चुकून चालणार नव्हतं, आणि हार्लनच्या मते सगळा दोष चापाचा होता.

खरा दोष कुठे होता ते मला ठाऊक होतं. एवढा धिप्पाड माणूस, पण रायफलीच्या आवाजाला आणि धक्क्याला भितो. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा आवळतो. वसंतात आम्ही गोठ्यामागे कागदावर नेम धरत होतो, तेव्हा मी रायफल भरून त्याच्या हातात दिली आणि आत मुद्दाम रिकामं काडतूस ठेवलं. त्याने चाप ओढला. नुसतं टक् झालं, आणि नळी दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी खाली गेली. मी म्हटलं, "बघितलंस?"

"बघितलं ना," तो म्हणाला. "चाप किती रखडतो बघ."

यावर मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, बरंच बोलले, पण ऐकायला तो तिथे नव्हता. तो घरात जाऊन फोनवर चाप बघत बसला होता.

कारखान्यातून आलेला चाप पाच पौंडांच्या वर जोर मागायचा. नवा तीन पौंडांचा घ्यावा की अडीच, ह्यावर अख्खा जून गेला. फोनवर जगभरचे तज्ज्ञ जमलेले होते. ते सगळे एकमेकांना गाढव म्हणत आणि हार्लन ते मला जेवताना वाचून दाखवी. मग एका टप्प्याचा चाप की दोन टप्प्यांचा? एका टप्प्याचा म्हणे काचेची काडी मोडावी तसा सुटतो. आयुष्यात काचेची काडी मोडलेला एकही माणूस मला भेटलेला नाही, पण उपमा सगळ्यांना तोंडपाठ. दोन टप्प्यांचा आधी थोडा सैल मागे येतो, मग अडतो आणि मग सुटतो. त्याशिवाय बोट टेकायची पट्टी वाकडी असावी की सरळ, हा वेगळाच वाद होता. आमचं छप्पर तीन हिवाळे गळत होतं, त्याचा निकाल ह्या गृहस्थाने बादली ठेवून दोन मिनिटांत लावला होता.

जुलैत पहिला चाप आला, सरळ पट्टीचा, एका टप्प्याचा. हार्लनने तो स्वतः बसवायला घेतला. रायफल टेबलावर उघडी पडली, एक खिळी गडगडत फ्रीजखाली गेली आणि ती शोधायला पालथी पडले मी. बसवून झाल्यावर रायफलीचा दस्ता जमिनीवर आपटून पाहिला, चाप आपोआप सुटतो का म्हणून. सुटला नाही. पंधरा दिवसांनी त्याने तो परत पाठवला. कारण काय, तर त्यात जीव नाही. लोखंडात जीव शोधणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

दुसरा चाप दोन टप्प्यांचा होता. तो गावातल्या बंदूकवाल्याकडून बसवून घेतला. थंडीत हातमोजे घालून बसायचं असेल तर तीन पौंडांच्या खाली जाऊ नको, असं बंदूकवाल्याने बजावलं होतं. हार्लन दर रविवारी चर्चहून आला की तीन पौंड तीनच आहेत ना, हे काटा लावून बघायचा. रात्री जेवणानंतर रिकाम्या रायफलीने स्वयंपाकघरातल्या घड्याळावरच्या कोंबड्यावर नेम धरायचा. टक्. टक्. मी भांडी घासत असायचे. एकदा त्याने माझी रायफल उचलली. ती माझ्या आईची, आणि तिचा चाप ओढणं म्हणजे गंजलेलं फाटक ओढणं. त्याने एकदाच ओढून पाहिला आणि माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मला लाटणं शोधावंसं वाटलं.

खोटं कशाला सांगू, कागदावर तो चाप चालला. ऑक्टोबरात हार्लनने गोठ्यामागे सलग तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही भोकं कपाखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. तो कागद त्याने फ्रीजवर लावला. डेलमर कॉफीला आला, त्याने तो बघितला आणि सावकाश एक बिस्कीट खाल्लं. "छान आहे," तो म्हणाला. "पण ह्या कागदाला शिंगं दिसत नाहीत." हार्लन हसला, पण मान लाल झाली होती.

हंगामाच्या पहिल्या सकाळी रात्रीचा बर्फ ताजा होता. हार्लन वर खडकावर गेला आणि मी खाली ओढ्याकाठी माझ्या जागेवर बसले. पानं झडलेली असतात, त्यामुळे खालून मला त्याचं नारिंगी जाकीट स्वच्छ दिसत होतं. उजाडून तासभर झाला असेल. डोंगराच्या बाजूने एक मोठा नर आला, हार्लनच्या समोर थांबला आणि आडवा उभा राहिला. असं हरीण असं उभं राहिलेलं मी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलं आहे. हार्लनने रायफल खांद्याला लावली. मी आवाजाची वाट बघत राहिले.

आवाज आलाच नाही. नर उभा होता, रायफल खांद्याला होती, आणि किती वेळ गेला कोण जाणे. मग हार्लनने रायफल खाली घेतली आणि मांडीवर ठेवली. नर दोन पावलं चालला, त्याला कसला तरी वास आला आणि तो उतारावरून माझ्याकडे धावत सुटला. ओढ्याच्या पलीकडे तो क्षणभर थांबला. मी आईचं फाटक ओढलं आणि तो जागीच पडला.

संध्याकाळी कॅम्पवर बीटच्या रसात मुरवलेली अंडी आणि डुकराचं मांस खाऊन झालं, बिअर उघडली गेली, आणि डेलमर उभा राहिला. तो दुपारी बर्फात ठसे बघून आला होता. हरीण हार्लनच्या नाकासमोर थांबलं होतं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. सगळे हार्लनकडे बघायला लागले.

"झोप लागली होती," हार्लन म्हणाला.

"आठ महिने चापाचं पुराण सांगितलंस," डेलमर म्हणाला, "आणि पहिल्या दिवशी झोपलास? मला पटत नाही. मी म्हणतो हे चुकण्यातच धरा. कापा शर्ट."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. क्लेमेंटकाकांनी, म्हणजे कॅम्पच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी, सुरीकडे नाही पण माझ्याकडे पाहिलं. खालच्या जागेवर मी होते, हे त्यांना ठाऊक होतं. हार्लन ताटाकडे बघत होता आणि त्याचे कान पांढरे पडले होते.

"घोरत होता," मी म्हटलं. "मला खाली ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं. सव्वीस वर्षं त्या आवाजाच्या शेजारी झोपते मी, मला ओळखू येत नाही होय? ते हरीण त्यालाच घाबरून माझ्याकडे पळत आलं. पुढच्या वर्षीही ह्याला तिथेच बसवा, माझी सोय होते."

सगळा कॅम्प हसला. हार्लनला झोपाळू म्हणून जे जे म्हणता येतं ते सगळं म्हणून झालं, आणि मग क्लेमेंटकाका म्हणाले, "गोळी सुटली नाही, तर नेम चुकला नाही. शर्ट राहील आणि खडकही राहील." डेलमर बसला आणि त्याने दुसरी बिअर उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी निघालो. गाडी मी चालवत होते, हरीण मागे बांधलेलं होतं. मी म्हटलं, "मी बघत होते. तू जागा होतास."

त्याने हातमोजे काढायला घेतले. मग म्हणाला, "बरोबर नेमात होता, व्हर्ना. बोट दुसऱ्या टप्प्यावर टेकलं होतं. चाप अगदी हवा तसा आहे, त्यात काडीचीही खोट नाही."

"मग?"

"मग चुकलो असतो तर?" तो म्हणाला. "ह्या खेपेला दोष कशाला दिला असता?"

आठ महिने ह्या माणसासाठी माझ्या जिभेवर टोमणे तयार असायचे. तेव्हा एकही आठवला नाही. मला त्याची फार दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. तो हातमोजे काढून मांडीवर ठेवून बसला होता आणि उघड्या बोटाकडे बघत होता.

"रायफलीवरची दुर्बीण किती जुनी आहे रे तुझी?" मी विचारलं.

"वडिलांची आहे."

"मग काचा धुरकटल्या असतील."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"पहाटेच्या उजेडात जरा धूसर दिसतं खरं," तो हळूच म्हणाला. मग त्याने फोन काढला, आणि हल्ली काचांवर कसकसले थर देतात ते मला घर येईपर्यंत सांगत राहिला. मी एकदाही त्याला थांबवलं नाही.