वायरीची दुसरी बाजू

मिस्त्रींचा नियम पक्का होता. सायकलला गिअर बसवायचे तर हँडलवरचा लिव्हर आणि मागे साखळी सरकवणारा डिरेलर एकाच कंपनीचे हवेत. "लिव्हरच्या एका खटक्याला वायर जेवढी ओढली जाते, तेवढीच त्या कंपनीच्या डिरेलरला लागते. दुसऱ्याचा लावला की साखळी मधेच लटकते," असं ऐकवून ते गिऱ्हाइकाला परत पाठवत.

बायकोच्या सायकलचा लिव्हर तुटला, तेव्हा तिलाही त्यांनी तेच सांगितलं. कंपनीने तो लिव्हर बनवणं कधीच बंद केलं होतं. जुना कुठे मिळाला तर बघू, म्हणाले. ती औषधांच्या दुकानात कामाला जायची आणि वाटेत मोठा चढ होता. एकाच गिअरवर तो चढून तिचे गुडघे बोलायला लागले. शेवटी ती सायकल घेऊन रस्त्यापलीकडे गेली.

तिथे मिस्त्रींच्या जुन्या भागीदाराचं दुकान होतं. दोघांचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. भागीदारीच्या दुकानात शिरणारा प्रत्येकजण आधी भागीदाराला हाक मारायचा, ते मिस्त्रींना सोसेनासं झालं आणि त्यांनी वेगळी चूल मांडली, एवढंच.

संध्याकाळी ती खुशीत परत आली. "अहो, बसला की! लिव्हर दुसऱ्याच कंपनीचा, पण काय हलका चालतो!"

"चालणारच नाही."

"मग मी आले कशी?"

"केलं काय त्यानं?"

"डिरेलरवर वायर आवळायच्या बोल्टच्या या बाजूने वायर घेतात ना, ती त्या बाजूने घेतली. म्हणजे डिरेलर हवा तेवढाच सरकतो म्हणे. मला सगळं नाही कळलं, पण सांगतो किती छान!"

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी ती बसने माहेरी गेली. मिस्त्रींनी तिची सायकल काढून चढावर नेली. खटका दिला, साखळी सरकली. पुन्हा दिला, पुन्हा सरकली. गिअर झकास पडत होते आणि यांचा जीव जळत होता. कुठेतरी अडखळावं म्हणून ते तो चढ पुन्हा पुन्हा चढले. घामाघूम होऊन घरी आले, पाना घेतला आणि वायर नेहमीच्या बाजूला आणून आवळून टाकली.

दुसऱ्या दिवशी ऐन चढावर साखळी घसरली, पायडल रिकामं फिरलं आणि बायको सायकलसकट आडवी झाली. कोपर सोलवटलं. सायकल ढकलत ती आली, ती थेट समोरच्या दुकानात. मिस्त्री आपल्या दारातून बघत होते. भागीदाराने बोल्टकडे पाहिलं, मग मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं. मिस्त्रींनी पटकन एका टायरमध्ये डोकं घातलं.

"चूक माझीच, वहिनी," तो मोठ्याने म्हणाला. "नीट आवळलं नव्हतं मी. हादऱ्यांनी हललं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. आता तर तो मोठ्या मनाचाही ठरला.

घरी कोपराला पट्टी बांधून घेताना बायको म्हणाली, "हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो. वायर आपली आपण बाजू बदलत नाही."

मिस्त्री पट्टीची गाठ मारत राहिले.

"काय हवं होतं तुम्हाला?"

"तू पडशील असं वाटलं नव्हतं गं. साखळी लटकेल, आणि तू म्हणशील, तुमचंच बरोबर होतं."

ती हसली नाही. "मी तुमच्याकडेच आले होते आधी. तुम्ही हात लावून बघितलासुद्धा नाही."

सकाळी मिस्त्री रस्ता ओलांडून गेले. "ती बाजू बदलल्याने फरक कसा पडतो, दाखव," म्हणाले. माफी मात्र मागितली नाही. भागीदाराने स्टूल पुढे सरकवलं आणि वायरीचा तुकडा हातात घेऊन सगळं समजावलं. त्याने रविवारचा विषय काढला नाही, आणि तेच मिस्त्रींना जास्त बोचलं.

आता मिस्त्रीही दोन कंपन्यांचे गिअर जुळवून देतात आणि गिऱ्हाइकं खूश असतात. बायको सायकल कधी इकडे आणते, कधी तिकडे, ज्याच्याकडे गर्दी कमी असेल त्याच्याकडे. ती तिकडे गेली की मिस्त्री काम थांबवत नाहीत, पण समोरून हसण्याचा आवाज आला की त्यांचा पाना कितीतरी वेळ एकाच नटावर फिरत राहतो.