गप्प पेशंट आधी

अपघात विभागातल्या मोठ्या मॅडमचा आवाज थेट लिफ्टपर्यंत जायचा. नव्या डॉक्टरांना त्या पहिल्याच दिवशी दम भरायच्या, ‘बोंबलणारा पेशंट थांबू शकतो. गप्प पडलेल्याकडे आधी पळा!’

आज कोणीतरी ऑक्सिजनचा चक्क रिकामा सिलिंडर आणून ठेवला, तरी मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘असू दे. दुसरा आणा.’

थोरली सिस्टर हातातलं काम टाकून धावली. तिने मॅडमना खुर्चीत बसवलं आणि त्यांची नाडी धरली.

‘अहो सिस्टर, मला काय धाड भरलीय?’ मॅडम पुटपुटल्या.

‘सकाळपासून एकालाही झापलं नाहीत. तुमचा नंबर आधी.’

मॅडमनी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांना रडूच कोसळलं, तेही चांगलं मोठ्यानं.

‘हां, आवाज आला,’ रुमाल पुढे करत सिस्टर म्हणाली. ‘आता जिवाला धोका नाही.’