तौनोची बॅग आणि डांबराच्या गोळ्या

सुलभाबाईंचं सगळं चांगलं, पण माझ्यासमोरून जाताना नाक चिमटीत धरायची त्यांची सवय मला मुळीच खपत नसे. मित्रांनो, ज्या घरात पाहुणी म्हणून राहावं तिथल्या बाईला नावं ठेवू नयेत, एवढं मलाही कळतं. पण मी काही भाजीची पिशवी नव्हे! मी एका गोलकीपरची जुनी बॅग आहे. आइस हॉकीची, आणि तीही थेट फिनलंडची. मला अक्षर वाचता येत नाही. माझ्या अंगावर काय छापलंय तेसुद्धा लोकांच्या तोंडून ऐकलेलं. पण घर कसं सांभाळावं हे मला कुणी शिकवू नये. पायांच्या दोन जाडजूड गाद्या, छातीचं चिलखत, झेल घ्यायचा मोजा आणि चेहऱ्याचा मुखवटा, एवढं बिऱ्हाड मी एकटीने पोटात वागवलं.

जिथे हिवाळ्यात तळी गोठून त्यांचीच मैदानं होतात, अशा गावात मला दुहेरी दोऱ्याने शिवलं. एकोणीस वर्षांचा तौनो पहिल्यांदा पगारी खेळाडू झाला, त्या दिवशी क्लबने मला त्याच्या हाती दिलं. रबराची चकती बंदुकीच्या गोळीसारखी अंगावर यायची आणि हा पठ्ठ्या माशी मारावी तशी ती अडवायचा. पेपरवाले त्याचे फोटो काढत. फोटोच्या कोपऱ्यात मी असायचे, पण खाली नाव कुणी छापलं नाही. असो.

आमच्या घराण्याची एक रीत होती. खेळ संपला की सगळं सामान वाळत घालायचं आणि माझं तोंड सताड उघडं ठेवायचं. घामाने भिजलेलं कोंडलं की ते कुजतंच.

मग तौनोचा गुडघा दुखावला. पहिल्या नंबरचा गोलकीपर बाकावर बसू लागला. फोटोवाले दुसरीकडे वळले आणि मी माळ्यावर गेले. तेवढ्यात ऑकलंडच्या एका क्लबचं बोलावणं आलं, आणि दोन हजार सहा सालच्या थंडीत आम्ही तिथल्या बॉटनी डाउन्स या उपनगरात सुलभाबाईंच्या घरी भाड्याने राहायला आलो. त्या फार्मसिस्ट, त्यांचे यजमान चंद्रहासराव कॉम्प्युटरवाले. माणसं मायाळू. तौनोला थालीपीठ खायला शिकवलं त्यांनी.

हंगामाचा शेवटचा सामना रविवारी होता. तो जिंकला तर क्लब तौनोला पुढच्या वर्षीही ठेवणार होता. हरला, तर तौनो गावी भावाच्या लाकडाच्या वखारीत आणि मी पुन्हा माळ्यावर. आणि नेमकी शनिवारी सुलभाबाईंकडे सत्यनारायणाची पूजा! तौनो गुडघा दाखवायला गेला होता, त्याचं ओलं सामान गराजमध्ये दोरीवर होतं.

"अहो, लोकांना धूप कुठला आणि मोजे कुठले, कळायचं नाही!" सुलभाबाई म्हणाल्या.

"अगं, तो त्याच्या पोटापाण्याचा वास आहे."

"मग पोटापाण्याने आंघोळ करू नये असं कुठे लिहिलंय?"

झालं! बाईंनी ओलं सामान गोळा करून माझ्या पोटात कोंबलं. पैठण्यांच्या ट्रंकेतल्या मूठभर डांबराच्या गोळ्या वर टाकल्या आणि चेन ओढली. माझं तोंड बंद केलं! आयुष्यात ते कुणाला जमलं नव्हतं.

सकाळी तौनोला वाटलं, ताईंनी प्रेमाने सामान भरून ठेवलं. "थँक यू, ताई," म्हणून त्याने मला तशीच उचलली.

सामन्याचा पहिला भाग संपून खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत आले, तेव्हा तौनोचे डोळे कांदा चिरल्यासारखे लाल झाले होते. मुखवट्याच्या अस्तरात डांबराचा वास मुरला होता. डोळ्यांतल्या पाण्यापायी चकती दिसेना, समोरच्यांचे दोन गोल झाले होते.

"अरे, अजून हरलो नाही, आत्ताच काय रडतोस?" एकाने टोमणा मारला.

एवढ्यात यजमानांसोबत सामना बघायला आलेल्या सुलभाबाई थर्मास घेऊन दारात. अर्धे खेळाडू उघडेबंब, पण बाईंना त्याचं काय! मुखवटा नाकाशी नेला मात्र, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं बाई! हा तर माझ्या ट्रंकेतला वास!"

"लेडी, यू कान्ट..." कोचने सुरुवात केली.

"कान्ट काय कान्ट? गोल अडवायचेत ना? बाजूला व्हा!"

थर्मासमध्ये चंद्रहासरावांचा बिनदुधाचा, बिनसाखरेचा गवती चहा होता. बाईंनी त्या कढत चहात रुमाल बुडवून अस्तर घासघासून पुसलं. चंद्रहासराव पुठ्ठ्याने वारा घालत उभे. तौनोने मुखवटा चढवून वास घेतला आणि इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा सामन्याच्या मध्येच हसला.

पुढचं मी भिंतीपलीकडून ऐकलं. आमच्या लोकांनी तीन गोल केले आणि तौनोने आणखी एकही होऊ दिला नाही. शेवटच्या आरोळीने माझ्या कड्यासुद्धा वाजल्या. पुढच्या वर्षाचं त्याचं नक्की झालं, वर लहान मुलांना शिकवायचं कामही मिळालं.

मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूला अत्तर नको असतं. वेळेवर मोकळी हवा मिळाली की तिचं भागतं.

घरी येताच सुलभाबाईंनी गोळ्या वेचून काढल्या, सामान स्वतःच्या हाताने वाळत घातलं आणि माझं तोंड उघडलं. पण दुसऱ्या हाताची चिमूट नाकाकडे निघालीच! तेव्हा मात्र मी स्पष्ट बोलले:

"सुलभाबाई, कष्टाचा वास कोंडू नये, त्याला वारा दाखवावा. आणि नाक धरायचंच असेल तर खुशाल धरा, पण मोकळ्या हाताने तो मोजा जरा उन्हाकडे वळवा!"