कोरड्या केसांसाठी

मी बाटली बोलतेय. औषधाची नव्हे, तेलाची तर नव्हेच. केस धुतल्यावर लावायच्या मऊ, पांढऱ्या क्रीमची. लोक मला कंडिशनर म्हणतात. माझा स्वभाव मुळातच घाबरट. कारखान्यात रांगेत उभी होते तेव्हा माझ्या पुढच्या बाटलीचं झाकण वाकडं बसलं आणि तिला उचलून बाजूला टाकलं. तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो आलाच. तोंडापर्यंत क्रीम भरलेली असताना त्याला जागा कुठे मिळाली, कोण जाणे.

दुकानात माझ्या पाठीवर दुकानाच्या नावाची पट्टी चिकटवली, ती नेमकी सूचनांवर. मला कसं वापरायचं ते माझ्याच पाठीवर छापलेलं, आणि दिसायचं कोणालाच नाही. यातून काहीतरी अघटित होणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण बाटलीचं ऐकतं कोण?

एका सोमवारी संध्याकाळी बसच्या गॅरेजमधला एक मेकॅनिक मला घरी घेऊन गेला. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी पलंग आणि पलंगावर त्याची आई. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, सोबत चष्माही फुटला. सहा आठवडे उशीला डोकं घासून घासून तिचे कमरेएवढे केस सुंभासारखे कोरडे झाले होते. मानेमागे तर गुंत्याची मुठीएवढी गाठ.

मेकॅनिकची थोरली बहीण, ताई, दर रविवारी यायची. बाई प्रेमळ, पण तिचं स्वतःचं घर, नोकरी, दोन मुलं. आदल्या रविवारी तिने ती गाठ चाचपली आणि स्वयंपाकघरात जाऊन भावाला सांगितलं, की एवढे केस सांभाळायला वेळ कोणाला आहे, पुढच्या खेपेला कात्री आणते, मानेपर्यंत कापून टाकू. भाऊ नुसता ऐकून घेत राहिला. मधली भिंत पातळ, आईला सगळं ऐकू गेलं. तिने तोंड भिंतीकडे केलं, ते दुसऱ्या दिवशी मी घरात आले तरी तसंच होतं. काहीही विचारलं तरी "हं". यापुढे एक शब्द नाही.

मेकॅनिकला ते सहन होईना, म्हणून मला आणलं. माझ्याकडे रविवार येईपर्यंतचे दिवस होते. माझं धाबं दणाणलं.

त्याने साबणाने तीन वेळा हात धुतले, तरी नखांतलं काळं गेलं नाही. मग मला उजेडात धरून पुढची मोठी अक्षरं वाचली. कोरड्या केसांसाठी. एकदा वाचली, पुन्हा वाचली, मान डोलावली आणि उठून पंखा जोरात सोडला. मला काही कळेना. त्याने टॉवेल घेतला, आईच्या मानेवरचा घाम टिपून घेतला, केसांवरून हात फिरवून कुठे ओल नाही ना ते पाहिलं. आणि मला त्या खडखडीत गाठीवर उपडी केली.

आता त्याचंही बरोबर होतं. गॅरेजमध्ये डब्यावर जे लिहिलं असेल ते तंतोतंत पाळायचं, नाहीतर गाडी वाटेत बसते. तेलात पाणी गेलं की इंजिनाची वाट लागते. कोरड्या केसांसाठी म्हणजे केस कोरडे असतानाच लावायचं, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, असा त्याने सरळ अर्थ काढला. लावलं आणि धुतलंही नाही. इमानदारीने तसंच ठेवलं.

मी आतून किंचाळत होते. अरे बाबा, पाणी! आधी केस भिजव, मग मी, मग पुन्हा पाणी! पण झाकणाआडून आवाज निघतो कुठे? मंगळवारी तेच, बुधवारी तेच. क्रीम वाळून केसांना खळ घातल्यासारखं झालं, त्यात उशीचा कापूस चिकटला. तो कंगवा वरून घालून खाली ओढायचा. बुधवारी कंगव्याचा दात तुटला. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी केसांनाच करत होते. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. आणि भीती वेगळीच. निम्म्याहून जास्त संपले होते मी.

गुरुवारी तो कंगवा हातात धरून स्टुलावर बसला. हळूच म्हणाला, "आई, ताई म्हणते तेच करावं असं वाटतंय आता."

आईने भिंतीकडचं तोंड फिरवलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"रोज काय थापतोयस माझ्या डोक्यावर? वाच बघू."

"कोरड्या केसांसाठी."

"मग?"

"मग म्हणून कोरडे करून लावतोय. पाणी लागूच दिलं नाही."

ती हसायलाच लागली. खुबा दुखायला लागला तरी हसू थांबेना.

"अरे शहाण्या, तापासाठी गोळी घेतोस ती ताप टिकावा म्हणून? केस कोरडे पडलेत म्हणून ते आणायचं. मागे वाच, मागे लिहिलेलं असतं."

त्याने मला उलटं केलं, नखाने पट्टी खरवडली. खाली बारीक अक्षरं निघाली. ओल्या केसांना लावा. तीन मिनिटं ठेवा. धुऊन टाका. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी गॅरेजमधून मोठा प्लास्टिकचा कागद आला, पलंगाच्या कडेखाली टब आला. आईची मान उशीवर टेकवून त्याने कोमट पाणी सोडलं. चार दिवसांची खळ आधी धुऊन काढली. मग मी. काय सांगू, ओल्या केसांवर मी कशी पसरले! ज्यासाठी जन्मले ते पहिल्यांदा करत होते. आई पडल्या पडल्या हुकूम सोडत होती. गुंता वरून ओढायचा नसतो, टोकाकडून सुटतो. चार बोटं सोडव, मग वर सरक. घाई केलीस की दोरा तुटतो. आणि टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, जुन्या सुती सदऱ्यात दाबून घे.

त्या दिवशी निम्मी गाठ सुटली. शनिवारी मी संपत आले. त्याने मला उलटी ठेवली, मग आत थोडं पाणी घालून हलवली. पुरेन की नाही, पुरेन की नाही, एवढाच माझा जप. गाठीच्या गाभ्यातले थोडे केस तुटलेच, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी कंगवा मानेपासून टोकापर्यंत न अडकता गेला. मेकॅनिकने तो पुन्हा एकदा फिरवला, उगाचच.

रविवारी ताई आली. पर्समध्ये कात्री होती. तिने आईच्या केसांत हात घातला आणि तसाच ठेवला. भावाकडे पाहिलं. मग म्हणाली, की छान झालंय, पण रोज हे कोण करणार, पुन्हा गुंता होणारच. ती कात्रीसाठी पर्स उघडू लागली. मी मोरीच्या कट्ट्यावर रिकामी पडले होते, आता माझ्याकडे द्यायला थेंबही नव्हता.

आई म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात ठरवलंत. आता इथे मला विचार."

ताईने पर्स बाजूला ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"आई, केस कापू का?"

"नको."

एवढंच. घरातल्या एकाही माणसाला हा प्रश्न आठवडाभर सुचला नव्हता. मलाही नाही. मी आपली क्रीम पुरेल का याच काळजीत.

आता कचऱ्याच्या गाडीची वेळ झालीय. माझ्या जागी नवी बाटली आलीय, तिच्या पाठीवरची पट्टी त्याने आधीच काढून टाकलीय. तरी मला घोर आहेच, तो काही जायचा नाही. जाता जाता एक विनंती करते. कुणाच्या डोक्याला हात लावण्याआधी, बाबांनो, त्या माणसाला विचारा.