मास्तरांच्या हातातला माउस

मी एक जुना माउस आहे, मित्रांनो, संगणकाचा. आता खणात पडून असतो. माझं डावं बटण तडकलेलं आहे. ते कसं तडकलं, तेच सांगतो.

घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात मी आलो, तेव्हा तिथे मास्तरांचा दरारा होता. मास्तर म्हणजे तिथले मुख्य ड्राफ्ट्समन. त्यांनी शाईने ओढलेली रेघ बघायला दुसऱ्या ऑफिसांतली माणसं यायची. त्यांच्या हाताखाली एक बाई नकाशे गिरवायच्या. रेघ मारायला त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं.

साहेबांनी दोघांनाही संगणक शिकायला सांगितलं. बाईंनी मला हलवलं आणि पडद्यावरची भिंत थेट अंगणात जाऊन पडली. त्या खुदकन हसल्या.

"चुकलं तर चुकलं. कागद तर फाटत नाही ना?"

संगणक शिकवायला येणाऱ्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मग मास्तर बसले. रेघ वाकडी गेली. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. मास्तरांचा चेहरा उतरला. माउसच खराब आहे, म्हणाले. माझी वायर बदलली, तरी रेघ वाकडीच. तेव्हा त्यांनी मला टेबलावर आपटलं. बटण तडकलं ते तेव्हा. पुढे, हा पोरखेळ आपल्याला नको, असं ते येईल त्याला सांगत सुटले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत बाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, आता कुणी नाही. बसा, मी दाखवते."

"तुम्ही? मला शिकवणार?"

बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

हळूहळू सगळं काम पडद्यावर गेलं. मास्तरांचं मोठं टेबल हलवून तिथे कपाट ठेवलं. त्यांच्या वाट्याला छापलेल्या नकाशांच्या घड्या घालणं आलं. एक दिवस घडी घालताना त्यांना जिन्यात चूक दिसली. ते बाईंच्या मागे येऊन उभे राहिले, पडद्यावर बोट ठेवलं. बाई खुर्चीवरून उठल्या. मास्तर बसले. त्यांचा हात माझ्यावर आला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कुणीतरी वळून पाहिलं, आणि हात निघून गेला.

"राहू दे. माझं वय झालं आता."

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली.

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण घरातलं मोठं माणूस संगणकापुढे चुकत असेल, तर जरा दुसरीकडे बघा. निवांत चुकू द्या त्याला. मास्तरांचं वय झालं नव्हतं. बाई त्यांच्याहून वर्षभराने मोठ्या होत्या.