बारावी खुर्ची

सुतारमामांचं मोजमाप कधी चुकत नसे. त्यामुळे चूक त्या नावाजलेल्या गुंतवणूक कंपनीचीच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पॉलिशला टेबल आलं बाराजणांचं, खुर्च्या मात्र अकरा! एवढ्या बड्या लोकांना एक खुर्ची सांभाळता येऊ नये? बहिणीची मुलगी तिथेच नोकरीला होती. तिच्या कंपनीचं हसं नको, म्हणून अकरा खुर्च्या परत पाठवल्यावर मामांनी हौसेनं तशीच बारावी बनवली.

ती घेऊन ते सकाळी पोचले, तर मीटिंग भरलेली. भिंतीवर सोनेरी अक्षरांत 'आम्ही एक कुटुंब'. अकराजण बसलेले आणि भाची कोपऱ्यात उभी, बूट काढून, सुजलेल्या पायांवर.

"हे काय गं?"

"इथली पद्धत आहे, मामा," ती पुटपुटली. "ज्याचा सल्ला सगळ्यात जास्त फसला, त्यानं पुढचा आठवडा मीटिंगला उभं राहायचं. माझा हा तिसरा आठवडा आहे."

आणि घरी ही बया "ऑफिस एकदम झकास" म्हणून सांगायची! मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खुर्ची टेबलाला लावली. "बस."

साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात मासिकाचा फोटोग्राफर आत आला. कंपनीला 'आदर्श कार्यालय' पुरस्कार मिळाला होता ना! साहेब लगेच गोड झाले. "बसा, बसा!"

फोटो निघाला, फोटोग्राफर गेला आणि साहेबांचं हसूही गेलं. "ती खुर्ची उचला."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या आईचं औषधपाणी याच नोकरीवर चालायचं. मामांच्या ओठांवर शिवी आली होती, पण आपण बोलायचं आणि भोगायचं पोरीनं, म्हणून त्यांनी ती गिळली.

"मी उठणार नाही, साहेब." भाचीचा आवाज कापत होता. "चूक माझी आहे, ती मी दुरुस्त करीन. पण बसून."

मग टेबलाच्या टोकाचे पिकल्या केसांचे गृहस्थ खाकरले. "मागच्या वर्षी मी पाच आठवडे उभा होतो. सरका रे जरा, तिला जागा करा."

खुर्च्या करकरल्या. एकेकजण सरकला. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग कागदांत डोकं घातलं. "पुढचा विषय."

भाचीनं टेबलाखाली पायांनी चाचपून बूट घातले आणि वही उघडली.

"डुगडुगली तर कळवा," मामा दारातून साहेबांना म्हणाले. "मी लगेच येईन."